‘ध’चा ‘मा’ : एका वाक्प्रचाराचें मूळ

लेखांतील एखादें अक्षर फिरवून अर्थाचा अनर्थ करणें, यास मराठींत ‘ध चा मा करणें’ म्हणतात. आमच्या बिरसीकडे, गोंदिया जिल्ह्यांत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांत नांवाचें एक अक्षर बदललें तरी हाच प्रयोग कानीं पडतो. आणि ज्यांनीं मोडी कागद कधीं पाहिला नाहीं, तेही त्यासरशी आनंदीबाईचें नांव घेतात. हा दोषारोप कोणत्या आधारावर उभा आहे, इतकेंच येथें पाहावयाचें आहे.

भाद्रपद शुद्ध १३ शके १६९५, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. चौकशी रामशास्त्री प्रभुणे यांनीं केली. ग्रँट डफ १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत सांगतो कीं, आपण पुतण्यास धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे, असें रघुनाथरावांनीं शास्त्रीबोवांजवळ कबूल केलें. पुढें मूळ कागद हातीं आला, तेव्हां त्यांत ‘धरावें’चें ‘मारावें’ केलेलें आढळलें. मात्र हा फेरफार आनंदीबाईनें केला, हें त्यानें चौकशीचा निष्कर्ष म्हणून दिलेलें नाहीं; असा सार्वत्रिक समज आहे, एवढेंच म्हटलें आहे. तेंही घटनेनंतर ५३ वर्षांनीं. लोकोक्तींत मात्र निष्कर्ष व समज एकरूप झाले.

आतां शब्दाकडे वळूं. ‘धरणें’ हें धृ धातूपासून व ‘मारणें’ हें मृ धातूच्या प्रयोजक रूपापासून आलें. नुसता ‘ध’चा ‘म’ केला असता तर ‘मरावें’ झालें असतें व हुकुमाचा अर्थच लागला नसता. म्हणून अक्षर बदलून शिवाय काना घालणें अवश्य होतें. ‘रावें’ तेवढें जसेंच्या तसें राहतें. वाक्प्रचारानें हा काना अचूक जपला आहे. मोडींत शब्दाशब्दांत बहुधा जागा सोडीत नाहींत. तेव्हां काना मागाहून कोंबला कीं शब्द मुळांतच तसा लिहिला, हें मूळ कागदावरील शाई, खाडाखोड व अक्षरांची दाटी यांवरूनच ठरेल. तें ठरलें तरी फेरफार झाला एवढेंच सिद्ध होईल. हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच. डफनें शब्द दिला, कागदाची प्रतिकृति दिली नाहीं.

यास्तव ज्यांच्या संग्रहीं त्या काळच्या चिठ्या असतील त्यांस विनंति कीं, नक्कल करतांना खोडलेलें अक्षर सुधारून घेऊं नये, आहे तसें टिपावें. पुसट अक्षरावर नवी शाई फिरवूं नये. वाक्प्रचार भाषेंत खुशाल नांदो. परंतु आनंदीबाईविरुद्ध लेखी पुरावा म्हणून तो कोणीं पुढें करूं नये.