कुंची, खोळ आणि रेनकोट

पाऊस सुरू झाला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : ‘बाहेर जाऊ नकोस, भिजशील!’ ऐकून ऐकून ते इतकं सवयीचं झालं आहे की, पूर्वापार असंच चालत आलं असावं असं वाटतं. पण आपल्या भागात लहान मुलांना पावसाळ्यात काय घालत असत हे पाहू लागलं, की वेगळंच चित्र दिसतं. ते कपडे मुलाला घरात ठेवण्यासाठी नव्हते. मूल बाहेर जाणारच, हे गृहीत धरून ते बेतलेले होते.

आमच्या मिरजेचा पाऊस तसा भिडस्त. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं हे गाव. वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरला याच्या नऊ-दहा पट पडतो. पण आषाढात पश्चिमेचा वारा सुटतो आणि दिवस दिवस भुरभुर थांबत नाही. थर्मामीटरचा पारा सहसा फार खाली जात नाही, तरी ओल्या सुती सदऱ्यातून तो वारा गेला की हुडहुडी भरते. त्यात लहान मुलाचं वजन थोडं आणि त्या मानानं त्वचेचा पसारा मोठा. त्यामुळे त्याच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते.

हे शास्त्र आपल्या पणज्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण कुंची त्यांनीच शिवली. बारशाला बाळाला घालतात ती खणाची, जरीच्या काठाची कुंची आपल्याला माहीत असते. रोजची कुंची साधी असे. आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर. डोकं, कान, मान आणि पाठ एकाच कापडानं झाकायची आणि हातपाय मोकळे सोडायचे, ही तिची रचना. युरोपातही कान-मान झाकणारी लोकरीची टोपी वापरात आली. तिला इंग्रजीत नाव मिळालं ते बालाक्लाव्हा या क्रिमियातल्या गावाचं. तिथे १८५४ मध्ये लढाई झाली होती आणि इंग्रज सैनिक थंडीनं गारठले होते. तीच आपली माकडटोपी.

मूल चालू लागलं की कुंचीची जागा खोळ घेई. माण, आटपाडी, जत हा मेंढपाळांचा मुलूख. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचं घोंगडं सणगर मंडळी मागावर विणतात आणि त्याला चिंचोक्याची खळ देतात. खळीनं वीण घट्ट बसते आणि पावसाचं पाणी बरंचसं वरूनच निथळून जातं. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. पश्चिमेला शिराळा-पाटणकडे पाऊस दांडगा, तिथे बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं. वाकून भातलावणी करताना पाठ कोरडी राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

ज्यांना घोंगडंही परवडत नसे त्यांच्यासाठी गोणपाटाचं पोतं होतं. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की झाली खोळ. या खोळीत खेळणारी मुलं होती, तशीच पावसात गुरं राखणारीही होती, हे विसरून चालणार नाही. गरिबाच्या मुलाला पावसात जायचं की नाही हे कुणी विचारतच नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना गुरं राखणाऱ्या मुलांकरता कुरणशाळा काढली, ती याच वास्तवाकडे पाहून. मुलं जिथे आहेत तिथे शाळा न्यायची, हा त्यामागचा विचार. त्यांच्या कामातून रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे घरोघरी पोहोचला. त्या शब्दात अंगण आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपले सणही पाहा. आषाढात बेंदूर आला की काळ्या मातीचे बैल करायचे. श्रावणात नागपंचमीला झाडाला झोके बांधायचे, फेर धरायचा. ऐन पावसाळ्यातच मुलांना बाहेर बोलावणारे हे सण आहेत.

मग बदललं काय? चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापड तयार केलं आणि १८२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९२० मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कोलकात्यात कारखाना काढला. त्याचं ‘डकबॅक’ हे नाव पुढे रेनकोटसाठी सर्वतोमुखी झालं. माझ्या शाळेच्या दिवसांतला रबरी रेनकोट मला चांगला आठवतो. बाहेरचं पाणी आत येत नसे आणि आतला घाम बाहेर जात नसे. धावलो की सदरा आतूनच ओला! तो घालून शाळेत नीट जाता येई, पण खेळता येत नसे. नंतर प्लॅस्टिकचे कोट आले, स्वस्त झाले आणि पावसाळी कपड्याचं काम घर ते शाळा एवढंच उरलं.

आयांच्या भीतीला मी हसणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुलं पहिला वाढदिवसही पाहत नसत. ‘छाती भरली’ या दोन शब्दांचा धसका त्या काळानं दिलेला आहे. आज हे प्रमाण हजारी तीसच्या खाली आलं आहे. सर्दी नुसत्या पावसानं होत नाही, त्यासाठी विषाणू लागतो आणि कोंदट खोलीत दाटीनं बसलेल्या मुलांमध्ये तो लवकर पसरतो, हेही आता कळलं आहे. मात्र ओल्या कपड्यांत गारठणं वाईट, ही जुन्यांची शिकवण आजही खरी आहे.

म्हणून जुन्यांकडून कापड नाही, तरी बेत घ्यावा. डोकं-कान झाकलेले, पाठीला ऊब, हातपाय मोकळे, हवा खेळायला वाव. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र घरातच. आणि मूल परत आलं की लगेच कोरडा पंचा, कोरडे कपडे. ‘पाऊस आहे, जाऊ नकोस’ म्हणण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एवढंच पाहावं, की वाळलेला एक जोड दोरीवर तयार आहे ना.