दोन मराठी दैनिके आणि एक कौल

गोव्यात 'कौल' हा शब्द मुळात देवळातला. देवाला पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि मिळेल ते उत्तर मानायचे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीय मतदारांपुढे असाच एक प्रश्न आला : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे? विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. या जनमत कौलावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला येथे सांगायचे आहे ते फक्त त्यातल्या वर्तमानपत्रांविषयी.

पोर्तुगीज अमदानीत सेन्सॉरच्या कात्रीमुळे राजकारणावर मोकळेपणी लिहिणे शक्यच नव्हते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी पणजीहून 'गोमन्तक' दैनिक निघू लागले. ते विलीनीकरणाच्या बाजूचे. त्याला उत्तर द्यायला मडगावहून 'राष्ट्रमत' उभे राहिले. तेथे चंद्रकांत केणी संपादक होते आणि उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की 'राष्ट्रमत'ही मराठीतच निघत होते. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोमंतकीयांना मराठीतून सांगितले गेले!

दोन्हीकडे सांगण्यासारखे होते. एक बाजू म्हणे, भाषा एक, संस्कृती एक. शिवाय भाटकाराच्या जाचातून कुळांना सोडवायचे तर महाराष्ट्राचाच आधार. दुसरी म्हणे, एवढ्या मोठ्या राज्यात गोवा म्हणजे एक जिल्हा होईल. आपली कोंकणी, आपल्या नोकऱ्या, आपला कारभार आपल्या हाती राहणार नाही. दोन्ही पत्रे जहाल होती. निःपक्ष कोणीच नव्हते. पण लिहिणाऱ्याचे नाव वाचकाला ठाऊक असे, आणि आज केलेल्या आरोपाला समोरच्या पत्रातून उत्तर येणार, याची जाणीव लिहिणाऱ्याला असे.

कौल निःपक्षपणे व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. निकालात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. पुढे दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा याच मतदारांनी भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको, पण कुळांची बाजू घेणारे सरकार हवे, असा हा दुहेरी निवाडा. दोन्ही बाजू कानावर पडलेल्या मतदारालाच तो करता येतो, असे आम्हाला वाटते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. मराठी म्हणजे 'फुलवाला' आणि कोंकणी म्हणजे 'पानवाला' ही सोपी वाटणी अजूनही आमच्या घरांवर लादली जाते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे मजकूर तिला खतपाणी घालतात. त्यांच्याखाली ना लिहिणाऱ्याचे नाव, ना छापखान्याचा पत्ता. समोरच्याचे उत्तर आमच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ते दुसऱ्याच ग्रुपवर फिरत असते. त्यातून जे आमच्या मनाजोगते तेच फोन पुन्हा पुन्हा पुढे करतो. मग वाद होतो तो मुद्द्यावर नव्हे, माणसावर.

आम्हा सरकारी नोकरांना एक सवय असते. फाइलवर टिपणी लिहिताना उलट बाजूचा कागदही जोडावा लागतो. नाहीतर फाइल परत येते. घरातल्या राजकीय चर्चेलाही हा नियम लावून पाहावा. आलेला मजकूर पुढे धाडण्याआधी तो कोणी लिहिला आणि त्यावर समोरच्याचे म्हणणे काय, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

चवथीला मूळ घरी एकाच माटोळीखाली सगळे भाऊबंद जमतात. त्यांत फुलाचेही असतात, पानांचेही. फुले आणि पत्री दोन्ही वाहिल्याशिवाय गणरायाची पूजा कुठे पुरी होते?