दुसऱ्याच्या नावाने नोंदलेला इतिहास

हिमायतनगरला वडीलधारी माणसं आजही वाढोणा म्हणतात. गाव एकच, पण कागदावरचं नाव वेगळं. आपल्या व्हिडिओ गेमच्या इतिहासाचंही असंच झालं आहे.

१५ जुलै १९८३ रोजी जपानच्या निन्टेन्डोने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा त्याचे रचनाकार. जगभरात सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रं विकल्याची नोंद कंपनीकडे आहे. त्या हिशेबात मराठवाडा सापडणार नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आली ती त्या यंत्राची नक्कल. कुठे ‘सामुराई’ नावाने, कुठे ‘मीडिया’, तर कुठे बिननावाची. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं, आत मोजकेच खेळ फिरून फिरून. टीव्ही मात्र अनेक घरांत औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा.

नक्कल म्हणून तिला हिणवणं सोपं आहे. पण जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. निन्टेन्डोच्या स्वतःच्या पाल यंत्रावर काही जपानी खेळ नीट चालत नसत. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांसाठी केलेल्या चिपमध्ये प्रोसेसरचा वेग जपानी यंत्राच्या जवळ ठेवला आणि चित्राच्या वाढीव रेषांचा वेळ नुसता रिकामा जाऊ दिला. म्हणून जपानी कॅसेटही चालली. नक्कल करणाऱ्यांनी डोकंही चालवलं होतं.

हे सगळं आज टिकून आहे ते इम्युलेटरमुळे. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं वागणं हुबेहूब वठवणारा प्रोग्राम. १९९६ मध्ये मरात फैझुल्लिन यांनी ‘आयएनईएस’ आणला. त्यांनी ठरवलेला फाइलचा साचा अजून वापरात आहे. ‘मेसेन’सारख्या आजच्या इम्युलेटरमध्ये यंत्राचा प्रकार निवडताना एनटीएससी आणि पालसोबत तिसरा पर्याय दिसतो, ‘डेंडी’. डेंडी हा १९९२ साली रशियात आलेला नकली फॅमिकॉम. तिथल्या खेळणाऱ्यांनी आपलं यंत्र जपलं, त्यावर लिहिलं, म्हणून पाल देशांतल्या या नकलांना त्याचं नाव मिळालं.

आपण लिहिलं नाही. ‘ती तर पोरांची खेळणी’ म्हणून यंत्रं भंगारात गेली. कंपनीच्या हिशेबात न बसलेल्यांचा इतिहास कंपनी लिहीत नसते, तो ज्याचा त्याने लिहायचा असतो. माळ्यावर एखादं यंत्र उरलं असेल तर फेकू नका. कोणत्या साली, कुठल्या बाजारातून, केवढ्याला आणलं, एवढं तरी लिहून ठेवा.