सॉल्ट लेक: सव्वा लाखाचं स्टेडियम

चला, आज कोलकात्याला जाऊ. १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्स म्हणजे क्रिकेटचं मैदान, पण त्या दिवशी मॅच ईस्ट बंगाल-मोहन बागानची. स्टँडमध्ये मारामारी, मग चेंगराचेंगरी. १६ प्रेक्षक गेले.

१९८४ ला सॉल्ट लेक स्टेडियम सुरू झालं. १३ जुलै १९९७ ला याच दोन टीम्सची फेडरेशन कप सेमीफायनल बघायला तिथे १,३१,००० च्या वर लोक होते! म्हणजे आपलं वानखेडे जवळपास चार वेळा भरेल. भूतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल ४-१.

२०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपआधी खुर्च्या बसवल्या, कृत्रिम टर्फ काढून खरं गवत लावलं. कपॅसिटी जवळपास निम्म्यावर आली. हळहळ वाटते खरी, पण १९८० आठवलं की मला तरी हे पटतं. त्याच गवतावर फायनलला ०-२ ने मागे पडलेल्या इंग्लंडने स्पेनला ५-२ हरवलं.