पेनिसिलिनचा कोठावळा

औषधांच्या इतिहासांत शोध लावणाऱ्याचें नांव येतें, रोग्याच्या उशाशीं उभ्या असलेल्या डॉक्टरांचेंही येतें. पण नव्या औषधाची रुग्णांवर परीक्षा चालू असतां तें औषध तयार करणारा, मोजणारा आणि वेळेवर रुग्णालयांत पोंचविणारा मनुष्य त्या पानांवर सहसा सांपडत नाहीं. लग्नघरच्या कोठावळ्यासारखीच त्याची स्थिति. पंगत उठली म्हणजे वाहवा यजमानाची होते. कोठावळ्याची आठवण निघते ती तूप कमी पडलें तरच. पेनिसिलिनच्या पहिल्या परीक्षेंत तूप खरोखरीच कमी पडलें, म्हणून त्या प्रसंगाकडे आम्हीं आज कोठीच्या दारांतून पाहणार आहों.

फ्लेमिंग यांनीं १९२८ सालीं बुरशीचा गुण पाहिला ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या बुरशीच्या रसाचें औषध करण्याचें काम मात्र ऑक्सफर्डच्या एका प्रयोगशाळेंत हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांनीं १९३९ मध्यें हातीं घेतलें. त्यांच्या मंडळींत नॉर्मन हीटली नांवाचे जीवरसायनज्ञ होते. २५ मे १९४० रोजीं आठ उंदरांना घातक जंतु टोंचून त्यांतील चारांना पेनिसिलिन देण्यांत आलें. हीटली रात्रभर पिंजऱ्यांपाशीं बसून राहिले. पहाटे साडेतीनच्या सुमारास औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते. उरलेले चार जिवंत होते.

पण माणूस उंदराच्या तीन हजारपट मोठा! तेवढें औषध आणावयाचें कोठून? युद्ध चालू, कारखाने गुंतलेले. बुरशी उथळ पाण्यावरच वाढे, आणि तिच्यासाठीं जीं नाना भांडीं वापरून पाहिलीं त्यांत रुग्णालयांतील मलपात्रें सर्वांत सोयीचीं ठरलीं. त्याच धर्तीवर हीटलींनीं चिनी मातीचें एक भांडें आंखलें. बर्स्लेम गांवच्या कारखान्यांत तीं तयार झालीं, आणि २३ डिसेंबर १९४० रोजीं पहिलीं १७४ भांडीं ते मागून आणलेल्या गाडींतून स्वतः घेऊन आले. नाताळच्या दिवशीं त्यांत बुरशीचें बीं पडलें. रस ईथरमध्यें उतरवून पुन्हा पाण्यांत परत घेण्याची युक्ति त्यांचीच. तिचें यंत्र एका ग्रंथालयानें टाकून दिलेल्या पुस्तकांच्या मांडणीवर उभें होतें. औषधाचें बळ मोजण्याची रीतही त्यांनींच बसविली, आणि ‘ऑक्सफर्ड एकक’ हें माप तींतूनच आलें. भांडीं भरणें, बीं पेरणें, रस काढणें हें रोजचें काम आठवड्याला दोन पौंड वेतनावर सहा तरुण मुली करीत.

जानेवारी १९४१ मध्यें असाध्य कर्करोगानें आजारी असलेल्या एका स्त्रीला, तिच्या संमतीनें, पहिली सुई टोंचली. तिला हुडहुडी भरून ताप आला. दोष पेनिसिलिनचा नसून त्यांत राहिलेल्या मळाचा होता. तो काढून टाकल्यावरच पुढें जातां आलें.

मग १२ फेब्रुवारी. रॅडक्लिफ इन्फर्मरींत अल्बर्ट अलेक्झांडर हा ४३ वर्षांचा पोलिस शिपाई मरणपंथास लागला होता. विष चेहऱ्यांत व मस्तकांत भिनलेलें. एक डोळा काढावा लागलेला. (गुलाबाचा कांटा लागून हें झालें असें सर्वत्र सांगतात, त्याविषयीं पुढें शंका घेतली गेली आहे.) त्याला प्रथम २०० मिलिग्रॅम आणि मग दर तीन तासांनीं १०० मिलिग्रॅम औषध देण्यांत आलें. दुसऱ्याच दिवशीं उतार दिसला. ताप गेला, अन्न जाऊं लागलें. पण औषध शरीरांतून झपाट्यानें बाहेर पडे. म्हणून त्याचें मूत्र सायकलवरून प्रयोगशाळेंत नेऊन त्यांतून पेनिसिलिन पुन्हा काढीत व तेंच त्याला परत टोंचीत. पांच दिवसांत साडेचार ग्रॅमांहूनही कमी औषध गेलें, आणि कोठी रिकामी झाली. १५ मार्चला अलेक्झांडर मरण पावला.

सांठा पुरेसा नसतां आरंभ करावयासच नको होता काय? आमच्या मतें हा दोष देणें अन्यायाचें होईल, कारण ‘पुरेसा’ म्हणजे किती हेंच त्या परीक्षेंतून कळावयाचें होतें. मात्र धडा तत्काळ घेण्यांत आला. पुढचे रोगी बहुतेक लहान मुलें निवडण्यांत आलीं, कां कीं त्यांना मात्रा थोडी लागते. कोणावर उपचार व्हावा हें येथें वैद्यानें नव्हे, कोठीच्या हिशेबानें ठरविलें! हा विचार मनाला बोंचतो. पण तीं मुलें त्या हिशेबामुळेंच औषधाला पात्र झालीं हेंही खरें.

आज मोठ्या रुग्णालयांत अशा परीक्षांसाठीं औषधविभागाची वेगळी तुकडी असते. औषध किती आलें, कोणत्या तपमानांत ठेवलें, कोणास किती दिलें, किती परत आलें, याचा हिशेब तिच्या प्रमुखास द्यावा लागतो. कित्येक परीक्षांत खरें औषध कोणत्या कुपींत आहे हें डॉक्टरासही ठाऊक नसतें. तें गुपित या तुकडीच्या कपाटांत असतें. हीटली पदवीनें औषधनिर्माते नव्हते, पण यांतलें बरेंचसें काम त्यांनीं आपल्या हातांनीं केलें होतें.

१९४५ चें नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांस मिळालें. हीटली यांस ऑक्सफर्डनें १९९० मध्यें वैद्यकाची सन्माननीय डॉक्टर पदवी दिली. डॉक्टर नसलेल्यास ती देण्याचा त्या विद्यापीठाच्या आठशें वर्षांतला तो पहिलाच प्रसंग. ते २००४ मध्यें वारले. त्या सहा मुलींचीं नांवें रूथ कॅलो, क्लेअर इनायत, बेटी कुक, पेगी गार्डनर, मेगन लँकेस्टर आणि पॅट्रिशिया मकेग्नी अशीं होतीं.