सागरापासून दूर, सागरासाठीचे घड्याळ

मार्च १८७० मध्ये मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि कोलकात्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नर्मदेजवळ वसलेले हे शहर दोन बंदरांना जोडणारा दुवा झाले. मुंबई बंदरात उतरणारा परदेशी माल आता देशाच्या मध्यभागी सहज पोहोचू लागला.

फेवर-ल्युबा या स्विस घड्याळ कंपनीने १८६० च्या दशकातच मुंबईत व्यापार सुरू केला होता. विसाव्या शतकात तिची ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ ही घड्याळे भारतात घरोघरी परिचित झाली. नावात सागर असला तरी ती रोजच्या वापराची घड्याळे होती. पाणबुड्यांचे खरे घड्याळ ही त्यापुढची कथा आहे.

१९४३ मध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी पाठीवरील टाकीतून श्वास घेण्याचे साधन फ्रान्समध्ये विकसित केले. टाकीतील हवा मोजकी असल्याने पाण्याखाली गेलेला प्रत्येक मिनिट मोजणे प्राणरक्षणाचा प्रश्न ठरला. १९५३ मध्ये ब्लाँपँ कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ आणले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच्या तबकडीभोवतीचे फिरते कडे बुडी मारताना मिनिटकाट्याशी जुळवले की पाण्याखाली किती वेळ गेला ते एका दृष्टिक्षेपात कळे.

फेवर-ल्युबाने १९६४ मध्ये ‘डीप ब्लू’ आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘बॅथी’ सादर केले. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ‘बॅथी’मध्ये हा दाब एका पडद्यावर पडे आणि त्याचे सूक्ष्म वाकणे काट्याद्वारे खोली दाखवी. मनगटावरचे हे घड्याळ वेळेबरोबर भौतिकशास्त्राचा एक नियमही वाचत होते.

अशी घड्याळे आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. मात्र त्यांचे ऐतिहासिक मोल मूळ भागांवर अवलंबून असते. भारतात जुन्या तबकड्या पुन्हा रंगवण्याची कारागिरी रुजली, कारण सुटे भाग दुर्मीळ होते आणि घड्याळ वापरात ठेवणे हाच हेतू होता. पुढे बाजाराला चकाकी हवी झाली, तेव्हा तीच कारागिरी पुरावा पुसू लागली.

हा पुरावा प्रामुख्याने प्रकाशी लेपात असतो. आरंभी त्यात रेडियम असे. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. लेपातील झिंक सल्फाइड किरणांनी निकामी होऊन प्रकाश मावळतो, परंतु किरणोत्सर्ग टिकून राहतो. म्हणून असे घड्याळ घरी उघडणे किंवा लेप खरवडणे धोक्याचे आहे. १९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षे असल्याने पन्नास वर्षांनी जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. म्हणजेच त्या काळातील तबकडी आज अंधारात ठळक उजळत असेल, तर तिचा लेप नंतरचा असण्याचीच शक्यता अधिक. रबरी वॉशरही कालांतराने कडक होतात, त्यामुळे तबकडीवरचे ‘२०० मीटर’ हे आश्वासन आज ग्राह्य धरता येत नाही.

२०११ मध्ये टाटा समूहातील टायटनने फेवर-ल्युबा विकत घेतली आणि मुंबईशी जुने नाते असलेले हे नाव भारतीय मालकीचे झाले. जबलपूरच्या एखाद्या घरातील कपाटात आजोबांचे असे घड्याळ सापडलेच, तर त्याला नवा रंग देण्याची घाई करू नये. त्याची काळवंडलेली तबकडी हा त्याचा जन्मदाखला आहे. तो एकदा पुसला गेला की कोणतीही प्रयोगशाळा तो परत लिहू शकत नाही.