उसातल्या बिबट्याचं अंग कसं असतं?
उर्दूत तेंदुआ, आपल्याकडे बिबट्या. जुन्नर-आंबेगावात तो आता उसातच जन्मतो, उसातच वाढतो; पकडलेले माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवतात. अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे, दोघांचे कधी सारखे नसतात. चालताना नखं आत ओढलेली, म्हणून मातीत उमटत नाहीत. कुत्र्याची उमटतात. पाऊल ओळखायची ही सोपी खूण. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडातही दिसतं अन् बॅटरी मारली की डोळे चमकतात.

म्हणून फजर-ईशाला निघणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो: बॅटरी हवीच, मोठ्यानं बोलत चला, उसाच्या कडेला उकिडवं बसू नका. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.